हशाला तीन श्वास

आमच्या शारजाच्या घराला तीन दारं होती आणि बाबांच्या नाटकाला चार लागत होती, म्हणून चौथं दार फ्रिजचं धरायचं असं ठरलं. दर शुक्रवारी सकाळी दहापासून हॉलमध्ये तालीम चालायची. सावंतकाका जबल अलीहून यायचे. तिथल्या एका गोदामात ते फोरमन होते आणि सुट्टीच्या दिवशी कंपनीची बस त्यांना आमच्या जवळच्या रोल्ला भागात सोडायची. बेडरूमच्या दारातून ते आत येत, बाथरूमच्या दारातून बाहेर जात, आणि दुसऱ्या अंकात लपायची वेळ आली की फ्रिज उघडून त्यात डोकं घालून उभे राहत. "वहिनी, हयसर कालचा कालवण आसा," असा आतून आवाज आला की सगळी तालीम कोसळायची. आई कांदा चिरता चिरता ओरडायची, "आधी दार लावा, दूध नासेल!" खिडकीतला एसी घुरघुरत असायचा, कुकर शिट्ट्या मारायचा, आणि सुरमईच्या तुकड्या तव्यावर पडल्या की भल्याभल्यांची वाक्यं पळायची. एकदा इमारतीचा नातूर, म्हणजे तिथला राखणदार, वर आला आणि बाबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साब, भाभीजी से कुछ झगडा है क्या? नीचेवाले बोलते हैं, सुबह से दरवाजा पटक रहे हैं."

ही गोष्ट मी आजवर किती तरी वेळा सांगितली आहे. लग्नानंतर अबू धाबीच्या पलीकडे रुवैसला आले तेव्हा इथल्या मराठी बायकांत माझी ओळखच या फ्रिजच्या गोष्टीने झाली. पण मी नेहमी नातुराच्या वाक्यापाशी थांबते. लोक हसतात, कुणी तरी चहा ठेवायला उठतं, विषय बदलतो. पुढचं मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आणि आईला जे ठाऊक होतं त्यापलीकडचं तिच्या शेवटच्या आजारातही सांगितलं नाही. पुढचं असं, की ते नाटक बाबांचं नव्हतं. ते माझ्या दप्तरातून, भूगोलाच्या नकाशांच्या वहीखाली दडून आमच्या घरी आलं होतं.

बाबा एका कन्स्ट्रक्शन कंपनीत ड्राफ्ट्समन होते. त्यांनी काढलेल्या इमारती आजही शारजात उभ्या आहेत. मी गाडीतून जाताना मुलांना दाखवते. पण ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरांत नाव असायचं ते इंजिनियरचं. बाबांच्या वाट्याला उजव्या कोपऱ्यातली एक चिमुकली चौकट यायची, तीत फक्त आद्याक्षरं. शाई वाळेपर्यंत ते त्या चौकटीवर फुंकर घालत बसायचे. घरी मात्र ते तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत रमायचे. दिग्दर्शन, नेपथ्य, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालणं, सगळं तेच करत. नाटक लिहायला बसायचे, चार पानं व्हायची, आणि पाचव्या पानावर सगळी पात्रं एका खोलीत बसून गप्पा मारायला लागायची. "यांना उठवू कसा मी आता?" ते आईला विचारायचे. आई म्हणायची, "जेवायला बोलवा. येतील उठून."

मी अकरावीत होते. घराजवळच्या सुपरमार्केटच्या फळ्यावर एक चिठ्ठी लागली होती: वृद्ध गृहस्थांना मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी स्पष्ट इंग्रजी बोलणारी व्यक्ती हवी, आठवड्यातून दोन दुपारी. बाबांनीच ती उतरवून आणली. "जा गं, बोलणं सुधारेल." ते गृहस्थ इंग्रज होते. त्यांची मुलगी एका शाळेत शिकवायची आणि समुद्राकडच्या एका इमारतीत दोघं राहायची. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. मी त्यांना सर म्हणायची. आई, न भेटताच, "तुझे ते आजोबा" म्हणायची आणि शंकरपाळ्यांचा डबा द्यायची. त्यांची नजर जवळजवळ गेली होती. समोरच्या माणसाची नुसती सावली दिसायची, पण पायऱ्यांवरच्या पावलांवरून ते मला लिफ्ट बंद आहे हे सांगायचे.

सर नाटककार होते. विनोदी नाटकांचे. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं, कारण वर्तमानपत्र संपवून त्यांनी मला आपल्या आयुष्याची टिपणं लिहून घ्यायला सांगितलं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावात त्यांची आई पाहुण्यांसाठी खोल्या भाड्याने द्यायची. सात खोल्या, पातळ भिंती. कुठलं दार कुणी लावलं आणि कोणत्या मनःस्थितीत लावलं, हे त्यांना लहानपणापासून कळायचं. पंधराव्या वर्षी ते एका थिएटरात पडद्यामागे दारं आपटायच्या कामाला लागले, मग प्रॉम्प्टर झाले. प्रॉम्प्टरच्या वहीत ते रोज प्रत्येक हशापुढे पेन्सिलीने उभ्या रेघा मारायचे. एक रेघ म्हणजे एक श्वास. हशा ओसरायला किती श्वास लागतात, तेवढं नटाने थांबायचं. पुढे स्वतः लिहायला लागले तरी ती सवय राहिली. आधी रेघा मारायचे आणि मग त्या रेघांना पुरेल एवढं वाक्य शोधायचे. चौदा नाटकं लिहिली. दोन लंडनमध्ये पुष्कळ दिवस चालली. मग काळ पालटला. "लोक स्टेजवर स्वयंपाकघरात उभे राहून एकमेकांवर ओरडायला लागले," ते म्हणाले, "आणि दारं कुणी लावेचना." (ते इंग्रजीत बोलायचे, मी माझ्या मराठीत लिहितेय.) बायको गेली, मग डोळे गेले. शेवटचं, पंधरावं नाटक कुणीच घेतलं नाही. ते हिरव्या दोरीने बांधून कपाटात ठेवलं होतं.

एका दुपारी त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. एका निवृत्त स्टेशनमास्तरला पेन्शनच्या कचेरीने चुकून मृत ठरवलेलं असतं. लोक सांत्वनाला येऊ लागतात, आणि आपल्याबद्दल कोण काय बोलतंय ते ऐकण्यासाठी हा स्वतःच्याच घरात चार दारांआड लपत फिरतो. वाचता वाचता मला इतकं हसू लोटलं की पान पुढे उलटवेना. सर खुर्चीत ताठ बसून होते, ओठ हलत होते. माझं हसू ते मोजत होते. "चार," ते म्हणाले. "मी तीनच धरले होते." त्यांचा चेहरा त्या वेळी जसा होता तसा मी नंतर फक्त एकदाच पाहिला.

घरी येऊन मी ते बाबांना सांगितलं. कशाला सांगितलं? जेवताना बोलायला काही तरी हवं म्हणून. बाबांचा घास हातातच राहिला. "एकदा आण ना. नुसतं बघतो. चार दारं कशी चालवलीत त्याने ते बघायचंय." मी नाही म्हणू शकले असते. सरांना विचारूही शकले असते. त्यांनी बहुतेक आनंदाने दिलं असतं. पण मला तेव्हा असं वाटलं, आणि हे लिहायला आजही हात अडतो, की न विचारता आणण्यात एक मजा आहे. गुरुवारी सर बाथरूमला गेले तेव्हा मी कपाट उघडलं.

बाबांनी ऑफिसात त्याची झेरॉक्स काढली आणि पुढच्या खेपेला मी बाड जागच्या जागी ठेवलं. त्या दुपारी सरांनी सहज हात लांब करून ते घेतलं, मांडीवर ठेवलं आणि दोरीच्या गाठीवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. "ही गाठ माझी नाही."

"सैल झाली होती, सर. मी नीट बांधली."

"थँक यू," ते म्हणाले आणि बाड परत ठेवलं.

बाबांनी तीन महिन्यांत त्याचं मराठी केलं. खरं सांगायचं तर फार सुंदर केलं. स्टेशनमास्तरचा कोकणातला पोस्टमास्तर झाला, सांत्वनाला येणारी मंडळी अशी झाली की सावंतकाका म्हणाले, "मेल्यान आमच्या वाडीतलीच माणसा उचलली." सगळं बदललं, फक्त समासातल्या रेघा बाबांनी जशाच्या तशा उतरवल्या. त्या त्यांना बदलता येईनात. आणि त्या वर्षी अमिरातीतल्या गावोगावच्या मराठी मंडळांचा नाट्यमहोत्सव होता, त्याचा नियम होता की नाटक नवं आणि स्वतंत्र हवं. अर्जावर लेखकाच्या नावाची रेघ कोरी होती. आई चहा गाळत होती. ती म्हणाली, "त्या आजोबांना विचारलंत का?"

"विचारलं आणि नको म्हणाले तर?"

"तर नको."

"अगं, त्यांना कुठे मराठी कळतंय? आणि ते कपाटात धूळच खात होतं ना?" असं म्हणून बाबांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मग फुंकर घातली. आई चहाचा कप त्यांच्यापुढे जरा जोरात ठेवून आत गेली.

प्रयोगाच्या आदल्या मंगळवारी माझी जीभ घसरली. मी सरांना म्हटलं, या शुक्रवारी मला त्यांच्या मुलीबरोबर ठरल्याप्रमाणे बाजारात जाता येणार नाही, बाबांचं नाटक आहे. "कॉमेडी?" त्यांनी लगेच विचारलं. मी हो म्हटलं. "मला घेऊन चल. किती वर्षांत मी भरलेलं थिएटर हसताना ऐकलेलं नाही." मी भाषेचं कारण सांगितलं, गर्दीचं सांगितलं, एसीच्या गारठ्याचं सांगितलं. ते म्हणाले, "तू शेजारी बस आणि कानात सांग काय चाललंय ते. पूर्वी मी प्रॉम्प्टर होतो, आता तू माझी हो."

बाबांना सांगितलं तेव्हा ते सोफ्यावर बसले. बराच वेळ रिमोटचं मागचं झाकण काढघाल करत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. दिसत नाही त्यांना. तू वेगळीच गोष्ट सांग. मुलगी बघायला पाहुणे आलेत म्हण. मुलगी दारांआड लपतेय."

"बाबा, मी नाही सांगणार."

"मृणाल." एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. "पोस्टर लागलंय गं. अबू धाबीपर्यंत लागलंय."

एका शाळेचं सभागृह होतं, खचाखच भरलेलं. प्रॉम्प्टिंग एरवी मी करणार होते, ती वही आईने घेतली आणि ती विंगेत गेली. सर इस्त्रीचा पांढरा कोट घालून आले होते, अत्तराचा सुगंध येत होता. आम्ही चौथ्या रांगेत कडेला बसलो. पडदा उघडला. पोस्टमास्तरच्या घरी पहिला माणूस सांत्वनाला आला आणि मी सरांच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजले, "मुलाकडचे लोक आलेत, सर. मुलगी बघायला." त्यांनी मान हलवली. स्टेजवर दार लागलं, हलकेच, अगदी कडी न वाजवता. सर म्हणाले, "लग्नाच्या घरात दार इतकं हळू कुणी लावत नाही."

मी म्हटलं, "मुलगी लाजतेय."

पहिला मोठा हशा आला. सावंतकाका थांबले. एक, दोन, तीन श्वास, मग बोलले. सरांच्या गुडघ्यावर त्यांचं बोट तीनदा हललेलं मी पाहिलं. पुढे मी काय काय सांगत होते मला आठवत नाही. मुलीचा मामा, हुंड्यावरून वाद, हरवलेली अंगठी. ते एकाही गोष्टीवर प्रश्न विचारीनात, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. मध्यंतरात मी त्यांना पाणी आणून दिलं. "स्टेजवर दारं किती आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तीन." ते पाणी प्यायले, ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "असं का?"

दुसऱ्या अंकात एक जागा आहे. सगळे पाहुणे गप्प झालेले असतात आणि चौथ्या दाराआडून पोस्टमास्तरला शिंक येते. शिंकेच्या आधी संपूर्ण स्तब्धता, दोन श्वासांची. त्या स्तब्धतेत, शिंक यायच्या आधी, अख्ख्या सभागृहात एकटे सर हसले. मोठ्याने, मोकळं. पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. मग शिंक आली आणि सगळं सभागृह त्यांच्या मागून कोसळलं. मी कुजबुजायची थांबले. प्रयोग संपेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही आणि त्यांनीही मला बोल म्हटलं नाही.

टाळ्या थांबल्या, लोक स्टेजकडे धावले, बाबांच्या गळ्यात कुणी हार घातला. आम्ही बसूनच होतो. सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांचा चेहरा तसा होता, मी म्हटलं ना, त्या चार श्वासांच्या दुपारी होता तसा. रागाचा मागमूस नव्हता. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी पुढे स्वतःला सांगत आले, ते खोटं आहे.

"मृणाल, हे माझं आहे का?"

"नो, सर."

हात थोडा वेळ तसाच राहिला. "अरेरे," ते म्हणाले. "फार छान हसत होते लोक." मग काठी शोधून उठले.

बाबांना लेखनाचं पारितोषिक मिळालं. घरी येताना गाडीत त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "काही ओळखलं नाही ना त्यांनी?" मी म्हटलं, "नाही." ते स्मृतिचिन्ह टीव्हीवर ठेवलं गेलं, पण बाबांनी त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. मंडळाचे लोक मागे लागायचे, "पुढचं कधी, लेखक?" आणि बाबा "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणत आत पाणी प्यायला जायचे. कुठलाही इंग्रज माणूस इमारतीच्या जिन्यात दिसला की त्यांची पावलं मंदावायची. मीही सरांकडे जाणं पुढच्या वर्षीच्या बोर्डाच्या परीक्षेचं कारण सांगून बंद केलं. आई डबा भरायची, मी तो शाळेत मैत्रिणींना वाटून टाकायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भारतात असताना सर गेले. परतल्यावर त्यांची मुलगी एक पाकीट घेऊन दारात आली. ती इंग्लंडला परत निघाली होती. घरात मी एकटीच होते. "हे तुला द्यायला सांगितलं होतं," ती म्हणाली. आत ते बाड होतं. मी बाथरूमची कडी लावून ते उघडलं. समासात सरांच्या जुन्या पेन्सिलीच्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेशेजारी, त्यांच्या मुलीच्या निळ्या अक्षरात, एक नवा आकडा. तिनेच दारात सांगितलं होतं, प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला सगळं आठवून लिहायला लावलं होतं. तीनच्या जागी चार. दोनच्या जागी पाच. शिंकेपाशी आकडा नव्हता, नुसतं लिहिलं होतं: मोजता आले नाहीत, मीच हसत होतो. आणि पहिल्या पानावर, त्यांच्या नावाखाली: प्रथम प्रयोग, शारजा. भाषा, मराठी. भाषांतर. आणि त्यापुढे एक कोरी रेघ.

ती रेघ मी भरून द्यायची होती. त्या संध्याकाळी सभागृहात ते मला तेवढंच विचारत होते.

मी ते पाकीट कपड्यांच्या तळाशी ठेवलं आणि लग्नानंतर ते माझ्याबरोबर रुवैसला आलं. बाबांना दाखवलं असतं तर त्यांची तीस वर्षांची धास्ती एका दुपारी संपली असती. कदाचित ते पुन्हा लिहिते झाले असते. पण दाखवायचं म्हणजे मी त्या माणसाला काय उत्तर दिलं तेही सांगायचं. मी दर वर्षी म्हणायची, या सुट्टीत. गेल्या महिन्यात मुलगी कपाट आवरत होती, तिला ते सापडलं, आणि तिच्यापुढे मला सगळं बोलावं लागलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "बट आई, व्हाय डिडन्ट यू जस्ट से येस?"

बाबा आता माझ्याकडेच असतात. त्याच दुपारी मी बाड त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी भिंग मागितलं. एकेक पान, एकेक आकडा बघितला, मला वाटलं होतं ते रडतील, पण ते मधेच करवादले, "इथे त्यांनी तीन दिले होते, आपल्याला एकच मिळाला. सावंताने घाई केली. मी सांगत होतो त्याला." मग पहिल्या पानावर आले आणि कोऱ्या रेघेवर भिंग धरून थांबले.

"त्यांनी तुला विचारलं होतं," बाबा म्हणाले.

"हो."

"आणि तू?"

"नाही म्हटलं."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "माझ्यासाठी म्हणालीस."

हो म्हटलं असतं तर दोघांनाही सोपं गेलं असतं. "नाही, बाबा," मी म्हटलं. "कपाटातून मी काढलं होतं. मी घाबरले होते, माझ्यासाठी."

मग त्यांनी पेन मागितलं. पेन्सिल पुढे केली तर मान हलवली, पेनच हवं होतं. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि त्या लांब रेघेच्या अगदी उजव्या टोकाला, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहायचे तेवढ्या लहान अक्षरांत, फक्त आद्याक्षरं घातली. फुंकर घातली. उरलेली रेघ रिकामीच होती. त्यांनी पेन माझ्याकडे केलं.

"तुझीही घाल."